धाकट्याचा डबा

मीटरदादाच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की दोन मिनिटांत ठरलेला प्रश्न यायचा. "धाकट्याच्या हातचा एखादा ॲम्प मिळेल का हो?" आणि दर वेळी मीटरदादाच्या पोटात दुखायचं.

धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. गिटारवाल्यांसाठी जुन्या रेडिओसारखे काचेच्या व्हॉल्व्हचे ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे डबे, आणि स्पीकर बनवायचं काम दोघेही एकाच टेबलावर, वडिलांच्या हाताखाली शिकले. थोरल्यानं आजवर तीनशेच्या वर ॲम्प बनवले, धाकट्यानं जेमतेम चाळीस. थोरल्याच्या ॲम्पमध्ये प्रत्येक तार काटकोनात वळलेली, कथिलाचा प्रत्येक डाग मोत्यासारखा, आणि मीटर लावून मोजल्याशिवाय झाकण बंद नाही. म्हणून तर वादक त्याला मीटरदादा म्हणायचे. धाकट्याच्या डब्यात मात्र तारांचं जंजाळ. हाताला लागेल तो पार्ट उचलायचा, झाळायचा आणि वाजवून बघायचा.

मग नव्या पोरापोरींना जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पचं वेड लागलं. मीटरदादाला वाटलं, चला, आपलेही दिवस आले. आले ते धाकट्याचे. पण तो बिचारा ते बघायला उरला नव्हता. तीन वर्षांपूर्वीच गेला. त्याच्या डब्यांसाठी लोक गावोगाव हिंडत होते. मीटरदादानं बनवलेला एक ॲम्प मात्र समोरच्या शिंप्याकडे होता. त्यावर कुंडी ठेवली होती.

"भक्कम आहे हो," शिंपी कौतुकानं सांगायचा. "एवढी माती घातली, पण जरासुद्धा हलत नाही."

भाऊ जिवंत होता तेव्हाही मीटरदादा जळायचाच, उगाच खोटं कशाला बोला. नवा ॲम्प तयार झाला की धाकटा तो उचलून दुकानात आणायचा, एक तार छेडायचा आणि विचारायचा, "दादा, कसा वाटतो?" पहिल्याच सुराला मीटरदादाच्या अंगावर काटा यायचा. पण तोंडातून निघायची एकच खोट. "गुणगुण आहे." धाकटा हसायचा, डबा काखोटीला मारायचा आणि जायचा. चाळीस डबे, चाळीस वेळा तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

एका सोमवारी पुतणी आली. धाकट्याची एकुलती एक, गिटार वाजवणारी. हातात बापानं बनवलेला शेवटचा डबा.

"मोठे काका, फार घुमायला लागलाय. शनिवारी कार्यक्रम आहे. तेवढी गुणगुण काढाल? बाकी कशाला हात लावू नका हं."

"मला शिकवतेस?"

"नाही हो. बाबांचा आवाज तेवढाच उरलाय, म्हणून म्हटलं."

मीटरदादानं झाकण उघडलं. घुमण्याचं कारण शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वीज गाळणारा कंडेन्सर फुगला होता. तो बदलला, गुणगुण गेली. काम तिथंच संपलं होतं. पण मीटर हातात होतं आणि समोर धाकट्याचा उघडा डबा. पहिल्या व्हॉल्व्हजवळच्या, वीज अडवणाऱ्या दोन रेझिस्टन्सवर त्यानं मीटर टेकवलं. अंगावरचे रंगीत पट्टे एक लाख ओहम सांगत होते, काटा पावणेदोन लाखांवर उभा. मीटरदादाला इतका आनंद झाला की तो उठून एकदा दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आला. म्हणजे ज्या आवाजासाठी लोक जीव टाकत होते, तो आवाज म्हणजे नुसती चूक होती! सडके पार्ट!

चूक दिसली की ती सुधारायची, हा त्याचा धर्म. निदान त्यानं स्वतःला तसं सांगितलं. नवे, अचूक रेझिस्टन्स बसवले. जुने त्याच्या सवयीप्रमाणे पाकिटात घातले, पाकिटावर तारीख आणि जागा लिहिली, पाकीट खणात ठेवलं. ॲम्प लावून बघितला. आवाज काचेसारखा स्वच्छ.

बुधवारी पुतणीनं गिटार जोडली. एक सूर वाजवला. मग दुसरा. मग तिनं ॲम्पवरची बटणं फिरवली, परत वाजवलं आणि हात तारांवर तसाच ठेवला.

"छान झालंय, काका," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आता अगदी तुमच्या ॲम्पसारखा वाजतो."

कुणी मुस्काटात मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. रडते कशाला, स्वच्छ तर वाजतोय, असं म्हणायला तोंड उघडलं, पण त्याऐवजी त्यानं ॲम्प बंद केला. "परवा ये," तो कसाबसा म्हणाला. "अजून थोडं काम बाकी आहे."

ती गेल्यावर त्यानं पाकीट काढलं. आणि बघा, जळणारा माणूस कुठवर जातो. ते दोन रेझिस्टन्स त्यानं आधी धाकट्याच्या डब्यात घातलेच नाहीत. दुकानाचं दार लोटलं, स्वतःचा सर्वांत आवडता ॲम्प खाली काढला आणि त्यात बसवले. चाळीस वर्षं जे हवं होतं ते आता एका सुरावर आलं होतं. दुकानातली गिटार जोडून त्यानं तार छेडली.

नुसता फाटका, बिघडलेला ॲम्प. त्यात दुसरं काहीही नव्हतं. त्यानं पुन्हा छेडली, बटणं फिरवली, स्पीकर बदलून बघितला. बिघडलेला ॲम्प तो बिघडलेलाच.

स्टुलावर बसून त्यानं ते दोन्ही पुन्हा मोजले. धाकट्यानं ते पार्ट तेव्हाच निवडून, ऐकून घातले होते, की त्याच्यासोबत ते म्हातारे होत गेले, हे मीटर सांगणार नव्हतं. आणि ज्याला विचारायचं तो नव्हता. शेवटी त्यानं ते दोन्ही काढले आणि पाकिटावर लिहिलेल्या जागी, धाकट्यानं झाळले होते तसेच तिरपे, परत झाळले. सरळ करण्यासाठी बोटं शिवशिवत होती. त्यानं ती आवरली.

शुक्रवारी पुतणी आली. गिटार जोडली, एक सूर छेडला, आणि मीटरदादाच्या अंगावर काटा आला. अगदी पहिल्यासारखा. पोरगी हसायला लागली, हसता हसता वाजवत राहिली आणि मग थांबून, बापाच्याच सुरात तिनं विचारलं, "काका, कसा वाटतो?"

"गुण..." मीटरदादाच्या तोंडून सवयीनं निघालं. गुणगुण तर त्यानं स्वतःच काढली होती.

त्यानं मीटर खाली ठेवलं.

"फार चांगला वाजतो," तो म्हणाला. "त्याचे सगळेच चांगले वाजायचे. मला असा एकही जमला नाही गं."

पुतणीनं विचारलं, "हे बाबांना कधी सांगितलंत?"

मीटरदादानं नाही म्हणून मान हलवली. मग त्यानं स्टूल ॲम्पसमोर ओढलं आणि स्पीकरला कान लावून बसला.

"वाजव," तो म्हणाला. "परत एकदा वाजव."