गवंडी आणि मिनिस्टर

आमचा अरबाब, म्हणजे अरब मालक, ऑस्ट्रेलियातून मेंढ्या मागवायचा, आणि बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत त्याच्या ऑफिसात मी क्लार्क. नव्वदच्या दशकात एकदा तिकडच्या एका राज्याचे शेतीमंत्री मेंढ्यांचं गिऱ्हाईक पक्कं करायला आले. चार दिवस त्यांच्या दिमतीला कोण? मी. दुसरं कोण सापडणार!

माणूस मोकळा. गाडीत पुढे माझ्या शेजारी बसायचे. तरुणपणी मेंढ्यांची लोकर कातरायचे, मग युनियन, मग दोनदा पडून तिसऱ्यांदा निवडून आले, आणि बरीच वर्षं ताटकळून एकदाचे मंत्री झाले. झल्लाकच्या हॉटेलापासून ऑफिसापर्यंत एवढी कारकीर्द माझी ऐकून झाली. पण रोज सकाळी त्यांचा पहिला प्रश्न एकच, फॅक्स आला का? तिकडे त्यांचे मुख्यमंत्री मंत्रिमंडळ बदलत होते आणि यांची खुर्ची डळमळत होती.

शेवटच्या दिवशी फॅक्स आला. मशीनमधून निघताना मी वाचला. वाचू नये, पण डोळे काय मिटून घ्यायचे? मंत्रिपद खलास. मेल्यांना माणूस घरी पोचेपर्यंत तरी धीर नाही! दुपारी अरबाबने जेवण ठेवलेलं. यांनी कागद घडी करून खिशात टाकला, मंत्री म्हणूनच भाषण ठोकलं, वर मटण दोनदा घेतलं.

विमानतळावर ते मायदेशी उतरताना द्यायचं कार्ड भरत बसले. व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन अडलं. मला राहवेना. मी माझं आयडी कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. क्लार्कचा व्हिसा शिल्लक नव्हता, मला मिळाला तो गवंड्याचा, म्हणून कार्डावरही गवंडीच. नऊ वर्षं झाली, एक वीट लावली नाही. झिंजच्या आमच्या खोलीत खिळा ठोकायचा तर बायको शेजाऱ्याला बोलावते, हेही सांगून टाकलं.

ते पोट धरून हसले. मग वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, मिनिस्टर. भरलेलं कार्ड पासपोर्टात ठेवलं, माझा हात हातात घेतला, निघाले, आणि दोन पावलांवरून परत आले.

"कोणी तपासणार नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं.

हाच प्रश्न मी नऊ वर्षं रोज स्वतःला विचारत होतो.

"इंशाल्ला," मी म्हटलं.