कुरणाबद्दलची एक मुलाखत

मागच्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी दुपारी, मी एक तास दहा मिनिटांची मुलाखत खोडून टाकली. ती धाराशिव तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाची होती. गावाचं नाव इथं देत नाही.

मी पर्यावरणाच्या इतिहासावर पीएच.डी. करते. त्याआधी वर्तमानपत्रात होते. विभागात हा विषय घेतलेली मी एकटीच आणि मार्गदर्शक दुसऱ्या शहरात. धाराशिवला बसस्थानकामागे खोली घेतली होती. सकाळी निजामकाळातली कागदपत्रं, दुपारी एसटीनं तेर किंवा येडशीच्या बाजूचं एखादं गाव, संध्याकाळी टिपणं. कंडक्टरशिवाय कुणाशी बोलणं झालं नाही, असेही आठवडे गेले.

कागदांत या गावच्या जुन्या कुरणाची हद्द होती. तिथं कोणतं गवत यायचं, चराई कधी बंद असायची, हे नव्हतं. ते सांगणारा हा एकच माणूस सापडला. पाचवं प्रकरण त्याच्यावर उभं होतं.

"गवताला इतिहास असतो व्हय?" त्यानं पहिल्या भेटीत विचारलं. "मंग आमची शेळी लई मोठी मास्तरीण. समदा इतिहास खाऊन बसलीया."

मग त्यानं अकरा गवतांची नावं सांगितली.

आठ दिवसांनी मी जुन्या नकाशाची प्रत घेऊन परत गेले. त्यानं सांगितलेल्या जागा त्यावर पेन्सिलीनं मांडायच्या होत्या. त्याचा मुलगा शेजारी बसला होता. हद्दीवरून फिरणारं त्याचं बोट थांबलं.

"ताई, ह्यात आमचं घर येतंय."

"येतं."

"गायरानावरची घरं काढायच्या नोटिसा यायल्यात. उद्या कुणी म्हणंल, बापानंच सांगितलंय इथं कुरण हुतं."

प्रबंधात नाव येणार नाही, असं मी सांगितलं.

"नाव नसू द्या. ह्या वस्तीवर मेंढरं राखलेला म्हातारा एकच हाय."

म्हाताऱ्यानं नकाशा माझ्याकडं सारला. "पोरी, म्या खोटं काय बी सांगितलं न्हाय," तो म्हणाला. "पर ते पुसून टाक."

माहिती देणारा कधीही माघार घेऊ शकतो, असं संमतीपत्रात होतं. ती ओळ मीच त्याला वाचून दाखवली होती. मी दोघांसमोर फोनमधलं ध्वनिमुद्रण खोडलं. मुलानं फोन हातात घेऊन खात्री केली आणि आत चहा सांगितला. चहा घेऊन मी निघाले. खोलीवर पोचल्यावर लॅपटॉपमधली प्रत खोडली आणि वहीतली सहा पानं फाडली.

पाचवं प्रकरण नुसत्या कागदपत्रांवर लिहून पाठवलं. पंधरा दिवसांनी मार्गदर्शकांचा मेल आला: कुरणातल्या गवतांचा उल्लेख नाही, स्थानिकांकडून माहिती घ्यावी.

मी उत्तर पाठवलं: माहिती उपलब्ध नाही.