विहिरीकडचा तुकडा

अनय आणि ईरा, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही आजीला चौकोनी कागदाची घडी घालून दोन सारखे भाग करून दाखवलेत. मी शाबासकी दिली, पण मन आष्टीच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात जाऊन बसले.

मी तिथे नवी शिक्षिका होते. छाया आणि मंदा या चुलत बहिणी एकाच बाकावर बसत. दोघींना मिळून एक पिवळा चौरस देत मी म्हणाले, "हे तुमचं शेत. सारखं वाटून घ्या." नव्या घोटीव कागदाला खळीचा वास येत होता.

छायाने कात्री चालवली. एक तुकडा मोठा झाला, एक लहान. मोठा तिने मंदाला दिला.

"छाया, हे सारखं आहे का?"

"बराबर हाय, बाई. माझ्या तुकड्यात विहीर हाय नं."

"विहीर आमचीबी हाय!" मंदा ओरडली. "तुझा बाप लबाड हाय!"

तेव्हा मला कळले की त्यांच्या घरी खरोखरच वाटण्या चालल्या होत्या. मी घाईने दुसरा कागद घेतला आणि कडेला कड जुळवून दाखवली. "सारखं म्हणजे असं."

छायाने नीट पाहिले. "मंग विहीर कोणाला, बाई?"

तिला धडा समजला नाही, असे तेव्हा मला वाटले. आज तसे वाटत नाही.

मंदा दप्तर उचलून खिडकीजवळच्या बाकावर गेली. मी तिला परत बोलावू शकले नाही. आडनाव एकच, म्हणून हजेरीपटावर मात्र दोघींची नावे वर्षभर एकाखाली एक राहिली.