मालकाने फक्त धरायचं

कुणी ‘डॉक्टर’ म्हणत मनगट पुढे केलं, की ते दोन्ही तळहात छातीपर्यंत वर उचलायचे. "अहो, मी चार पायांचा डॉक्टर. तुम्हाला दोन कमी आहेत."

कात्रजला माझं औषधांचं दुकान आहे. जनावरांची औषधंही ठेवतो, म्हणून या गुरांच्या डॉक्टरांची रोज सकाळी फेरी असायची. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावरही ते घाटापलीकडच्या गोठ्यांवर मोटारसायकलने जात. हुशारीपेक्षा स्वतःच्या शिस्तीचा अभिमान जास्त, असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. हे त्यांतले.

एखादा शेतकरी "डॉक्टर, गाईला अमुक झालंय" म्हणाला, की गाडी स्टँडला लावायच्या आधीच त्याची हजामत. "मालकाने जनावर फक्त धरायचं. निदान मी करतो." शेतकऱ्याचं बरोबर निघालं तरी हे ऐकून घ्यावंच लागे.

तरुणपणी एका अडलेल्या म्हशीने त्यांना अशी लाथ मारली होती, की प्लीहा फुटली आणि काढून टाकावी लागली. ही गोष्ट ते हौसेने सांगत. "तिने माझी प्लीहा घेतली, मी तिचं रेडकू जिवंत काढलं. फिट्टंफाट!" प्लीहा नसलेल्या माणसाला काही जंतू फार महागात पडतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना असावं. पण स्वतःला पेशंट समजायची त्यांना सवयच नव्हती.

एकदा दुकानात उभ्या उभ्या त्यांनी काखेतून एक टरारून फुगलेली गोचीड ओढून काढली. मी तोंड वाकडं केलं. ते म्हणाले, "बिचारी उपाशी असणार, नाहीतर पेन्शनरला कोण चावतं?" दोघेही हसलो.

मग पावसाळा सरता सरता ताप आला. फिजिशियनने रक्त तपासायला लावलं, रिपोर्टमध्ये मलेरिया आला. गोळ्या माझ्याकडूनच गेल्या. ताप हटेना. आमचे डॉक्टर पिवळे पडले. दुसरा कोर्स लिहून मिळाला, तो न्यायला आले तेव्हा बायकोच्या खांद्याचा आधार होता.

वहिनी मुळशीकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, तुमी तरी सांगा ह्यांना. ताप उतरंना, लघवी चहावानी झालीया. आमच्या तांबड्या गाईला झालतं, त्येच हाय हे. गोचिडाचं."

"मी गाय आहे का?" डॉक्टर म्हणाले. "तो आजार माणसाला होत नाही. आमच्या पुस्तकात नाही."

"मग निदान फिजिशियनला सांगा तरी," मी म्हटलं. "गोचीड, प्लीहा, सगळं."

"त्यांनी विचारलं नाही. न विचारता अक्कल पाजळणारा मालक मला चालायचा का?" मग बायकोकडे बघून, दम लागलेला असतानाही, ते हसले. "तू मालक ना? मग फक्त धर."

तिने धरलं. तसंच धरून त्यांना रिक्षात बसवलं.

मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा मूत्रपिंडं थकली होती. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्या तपासणीची रक्ताची काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि पहिल्यांदा सरळ प्रश्न विचारले. प्लीहा आहे का? जनावरांत वावर आहे का? गोचीड चावली होती का? लाल पेशींत घुसलेला जंतू मलेरियाचा नव्हता, त्याच्यासारखा दिसणारा होता. बबेसिओसिस. गाईगुरांत नेहमीचा, माणसांत आता कुठे कुठे सापडू लागलेला. योग्य औषधं सुरू झाली, पण आजार फार पुढे गेला होता.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचे दोन्ही हात सलाइनच्या पट्ट्यांनी जखडलेले होते. वहिनींकडे मान वळवून ते म्हणाले, "निदान मालकिणीचं बरोबर होतं."

वहिनी म्हणाल्या, "आता कशाला बोलताय? गप पडा." आणि त्यांचं पांघरूण नीट केलं. कुणाचं बरोबर होतं, असं डॉक्टरांनी आयुष्यात कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दोन दिवसांनी ते गेले.

पुढे वर्तमानपत्रात बातमी आली. शहरात दुर्मीळ आजाराचा रुग्ण, तज्ज्ञांच्या सतर्कतेमुळे निदान. दुर्मीळ हा शब्द फार सोयीचा आहे. आजार दुर्मीळ ठरला, की न विचारलेले प्रश्न आपोआप माफ होतात. पहिल्या फिजिशियनचा दवाखाना अजून तसाच भरलेला असतो. मला त्याचा राग येतो. आणि खरं सांगू का, त्या मेलेल्या माणसाच्या शिस्तीचाही येतो.

वहिनी उरलेल्या गोळ्या परत द्यायला आल्या तेव्हा ते पान काउंटरवरच होतं. मी ते सरकवून लपवायला गेलो, पण त्यांनी ओढून घेतलं आणि उभ्यानेच सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. नातेवाइकांनी रुग्णाला उशिरा आणल्याने त्याला वाचवता आलं नाही, असं तिथे छापलं होतं.

"वहिनी, मी पेपरवाल्यांना लिहितो," मी म्हटलं.

त्यांनी पान घडी करून माझ्यापुढे ठेवलं. मग दोन्ही तळहात छातीपर्यंत वर उचलले, अगदी डॉक्टरांसारखे, आणि पायरी उतरून गेल्या.