केराची पांढरी गोळी

सारजाबाईच्या पोरीला, केराला, आकडी यायची, तेव्हा चाळ बरी होती. कुणी पाणी मारायचं, कुणी तळपाय चोळायचं. सरकारी दवाखान्यातली पांढरी गोळी सुरू झाली, आकडी थांबली आणि सात वर्षांची पोर चावरी झाली. भांडी भिरकावायची, केस उपटायची, मग जिला चावली तिच्याच मांडीत डोकं खुपसून रडायची. सारजाबाई गिरणीतून परतली की दारात गाऱ्हाणी उभीच. लाडानं माजवलीय, हे सगळ्या चाळीचं एकमत. सारजाबाईलाही तेच पटलं होतं. ती पोरीला लाटण्यानं बडवायची.

शेवटी चाळीनं सुनावलं, पोर मैंदर्गीला दिराकडं धाडा नाहीतर खोली सोडा. दीर तिला शेळ्यांशेजारी खुंट्याला बांधणार होता. तसं त्यानं सांगूनच टाकलं होतं. सोमवारी तो न्यायला येणार होता.

आदल्या शनिवारी सारजाबाई गोळ्या आणायला निघाली, तर शेजारची गोजाबाई मागं लागली. सोबतीला नव्हे, तक्रारीला. वाटभर तिनं सारजाबाईच्या सात पिढ्या उद्धरल्या.

डॉक्टरांनी केसपेपरवरून मान न उचलता विचारलं, "पडते का?"

"न्हाय," सारजाबाई म्हणाली.

"छान. त्याच गोळ्या चालू ठेवा."

"छान कसलं?" गोजाबाईनं पदर सारून हात टेबलावर ठेवला. "ह्ये बगा. पडत न्हाय, पर मानसं फाडून खाती. तुमची गोळी घेतल्यापासनं."

डॉक्टरांनी दातांचे वण बघितले, पेन खाली ठेवलं आणि ते सारजाबाईवरच भडकले. काही मुलांना ही गोळी अशी चढते. तीन महिने तोंड शिवलं होतं का?

"तुमी पडती का, येवढंच इचारलं की," सारजाबाई म्हणाली. "सोभावाचं दवाखान्यात सांगत्यात व्हय? मी मारत हुते तिला, सायेब."

डॉक्टरांनी केसपेपर पुन्हा पुढं ओढला. ही गोळी हळूहळू कमी करायची, दुसरी सुरू करायची, मधे एखादी आकडी येईल, महिनाभर कळ काढा, असं त्यांनी खालच्या आवाजात समजावलं.

सोमवारी दीर दोरी घेऊनच आला. सारजाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. गोळी बदललीय म्हणाली, तर बायका हसल्या. गोळीनं कुठं पोर चावते? तिच्या बाजूनं कुणी बोलेना.

"म्हैनाभर ऱ्हाऊ द्या," गोजाबाई नळावरूनच म्हणाली. "डाक्टर काय म्हनला, ते मी ऐकलंय. म्हैन्यानं चावली, तर मीच बांधीन. हिच्या आईला बी बांधीन."

दीर पाणीही न पिता गेला. आत येऊन सारजाबाईनं केराला जवळ घ्यायला हात पुढं केला, तशी पोरीनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.