पहिलं माप फेकणारे काका

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका अविश्वासू माणूस अख्ख्या ओमानात दुसरा नसेल. अविश्वासू म्हणजे लबाड नव्हे. लबाडी त्यांना जमलीच नसती, तीसुद्धा त्यांनी तीनदा मोजून पाहिली असती. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागायचा, एवढंच. घड्याळ, थर्मामीटर, दुधाच्या पिशवीवरची तारीख, बायकोचं 'हो', शेजाऱ्याचं 'बरं आहे', यातलं काहीही पहिल्या वेळेला खरं मानायचं नाही, असा त्यांचा नियम होता. "पहिलं माप यंत्राचं असतं," ते म्हणायचे. "दुसरं आपलं, आणि तिसरं खरं. पहिलं फेकून द्यायचं."

हा नियम ते सोव्हिएत रशियातून घेऊन आले होते. ऐंशीच्या दशकात ते शिष्यवृत्तीवर ताश्कंदला गेले. सुरुवातीची काही वर्षं भूगर्भशास्त्रज्ञांच्या तुकडीबरोबर डोंगरात फिरले. गळ्यात किरणोत्सार मोजायचं जड यंत्र, पाठीवर बॅटऱ्या, आणि पावलोपावली दगडाला यंत्र लावायचं. थंडीत ते यंत्र तापेपर्यंत काहीही आकडे दाखवायचं, म्हणून तुकडीतला नियमच होता की पहिलं माप लिहायचं नाही. बाकीचे लोक डोंगर उतरल्यावर हा नियम विसरत असतील. काका तो घेऊन मिरजेला आले, तिथून मस्कतला आले, आणि बौशरमधल्या आमच्या इमारतीत तो त्यांनी नेटाने पाळला.

म्हणजे कसं, तर त्यांच्या दाराची बेल एकदा वाजवली तर दार उघडत नसे. आमचा मल्याळी वॉचमन हे ओळखून होता. तो लागोपाठ तीनदा बेल दाबायचा आणि वर ओरडायचा, "सर, थर्ड टाइम!" मग दार उघडायचं. काकूंची गोष्ट तर त्या स्वतःच सांगायच्या. मुलगी बघायला काका सांगलीला गेले. त्यांनी विचारलं, "मी पसंत आहे का?" काकू लाजून "हो" म्हणाल्या. काकांनी पुन्हा विचारलं. काकू पुन्हा "हो" म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर आतून काकूंची आई बाहेर आली आणि मध्यस्थाला म्हणाली, "अहो, मुलगा कानाने अधू आहे हे आधी का नाही सांगितलंत?" हे सांगताना काकू हसून लाल व्हायच्या, आणि काका शांतपणे म्हणायचे, "तिन्ही मापं जुळली म्हणून लग्न केलं."

दुसरी सवय याहून अवघड होती. कुठलीही गोष्ट मोजण्याआधी तिथे काहीच नसताना किती माप येतं ते बघायचं, याला ते पार्श्वभूमी घेणं म्हणत. माती, भिंती, आकाश, सगळ्यांतून थोडे किरण येतच असतात. ते आधी वजा केल्याशिवाय दगडाचं खरं कळत नाही. यंत्रापुरतं हे ठीक होतं. पण काका माणसांचीही पार्श्वभूमी घ्यायचे. आमच्या घरी आले की सोफ्यावर बसायचे, आणि बराच वेळ एक शब्द बोलायचे नाहीत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा अम्मीला वाटलं, गावाहून कुणाच्या मयताची खबर घेऊन आलेत. तिने डोक्यावर पदर घेतला आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "साहेब, बोला तरी, कोण गेला?" काका दचकले. म्हणाले, "कोणी नाही हो. मी जरा घर ऐकत होतो."

माझे अब्बा अल मवालेहच्या भाजी मंडईत एका ओमानी अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, गाळ्यावर काम करतात. एका शुक्रवारी काका तिथे आले ते खिशात छोटं यंत्र घेऊनच. हे यंत्र त्यांनी स्वतः जोडलं होतं, कारण बाजारातल्या यंत्रांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी ते केळ्यांच्या घडाला लावलं. यंत्र कट्‌कट् करायला लागलं. काकांचा चेहरा उजळला. "बघा, पोटॅशियम! केळ्यात पोटॅशियम असतं आणि त्यातलं थोडं किरणोत्सारी असतं," ते गाळ्यावरच्या सगळ्यांना समजावून सांगू लागले. किरणोत्सारी हा शब्द हिंदीत कसा सांगायचा हे कुणालाच कळेना, म्हणून एका बंगाली हमालाने सोपं करून "बम" असं सांगितलं. अर्बाब दोन पावलं मागे सरकला. अब्बा हात जोडून म्हणाले, "साहेब, केळी हायत ती, बॉम्ब नाय! माझी नोकरी जाईल ना!" काकांनी सगळ्यांसमोर एक केळं सोलून खाल्लं, तेव्हा कुठे अर्बाब "खलास, खलास" म्हणत पुढे आला. पण त्या दिवसापासून काका मंडईत दिसले की तो स्वतः केळ्यांवर गोणपाट टाकायचा.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. भूगर्भशास्त्र घेतलं, हे अम्मीला आजही नीट कळलेलं नाही. ती नातेवाइकांना सांगते, "दगडांची डॉक्टर होणार हाय." मला घरात विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मी काकांकडे जायचे. लिहायचं मराठी मी काकूंच्या जुन्या दिवाळी अंकांवर शिकले आणि दगड काकांकडून. मी काही विचारलं की ते ऐकायचे आणि गप्प बसायचे. दुसऱ्यांदा विचारलं की मान हलवायचे. उत्तर तिसऱ्यांदा मिळायचं. मी मुळात भित्री. एकदा विचारायचं म्हटलं तरी मी दारातूनच परत फिरायचे. पण त्यांच्यामुळे एक प्रश्न तीनदा विचारायची हिंमत आली, हे मला कबूल केलं पाहिजे.

त्यांना कुणी "डॉक्टर" म्हटलं की ते लगेच दुरुस्त करायचे, "डॉक्टर नाही. होता होता राहिलो." कसं राहिलो, ते मात्र सांगत नसत. ते मला कळलं त्यांच्या मस्कतमधल्या शेवटच्या महिन्यात. काका बांधकामाच्या मालाची तपासणी करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. साठ झाल्यावर कंपनीने व्हिसा पुढे वाढवला नाही. घरभर खोकी पडली होती. अल अमेरात भागातलं एक कुटुंब विकायला काढलेला सोफा बघून गेलं होतं. काकू भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या आणि मी त्यांना मदत करत होते. काका मात्र हातात कॅमेऱ्याच्या फिल्मची एक काळी डबी धरून बसले होते.

"तिचं काय करायचं ते ठरवा हो एकदाचं," काकू म्हणाल्या. "वीस-पंचवीस वर्षं ती डबी माझ्या कपाटात आहे. माझ्या दागिन्यांना जागा नाही, पण रशियाच्या बाईंच्या दगडाला आहे."

मग काकांनी सांगितलं. मी ते सोपं करून लिहिते. डोंगरातला काही जातीचा दगड आजूबाजूच्या मातीतले किरण हजारो वर्षं पोटात साठवत राहतो. तो तापवला की तो साठा मंद उजेड होऊन बाहेर पडतो. हा उजेड मोजला की दगडाचा इतिहास कळतो. पण उजेड निघतो तो एकदाच. पुन्हा तापवला तर काही नाही, दगड रिकामा. ताश्कंदच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काका ज्या बाईंच्या हाताखाली संशोधन करत, त्यांचं म्हणणं होतं की एका विशिष्ट डोंगराच्या पोटातून कधीकाळी उकळतं पाणी वर आलं आणि त्या उष्णतेने तिथल्या दगडांतला साठा एकदा पुसला गेला. बाकीचे मोठे शास्त्रज्ञ हसायचे. बाईंनी त्या डोंगरातल्या एका खाणीतून जांभळ्या फ्लोराइटचे खडे आणले. तापवताना निघणाऱ्या उजेडाच्या आलेखात दोन उंचवटे येणार होते, त्यातला दुसरा जुन्या साठ्याचा. दुसरा उंच आला तर हसणारे बरोबर, बुटका आला तर बाई बरोबर.

"बाई दवाखान्यात होत्या, तेव्हा खडे त्यांनी माझ्यावर सोपवले," काका म्हणाले. "मी नवीन होतो. डोंगरातून आलेलो. मी प्रत्येक खडा तीनदा मोजला."

मला समजायला एक क्षण लागला. मग माझ्या हातातली वाटी खाली पडली.

"पहिलं माप..." मी म्हणाले.

"फेकलं. नियमाप्रमाणे. दुसरं आणि तिसरं नीट लिहून ठेवलं. सपाट रेघा. इतक्या सरळ की मला अभिमान वाटला." त्यांनी डबी दुसऱ्या हातात घेतली. "बाई परत आल्या, रेघा बघितल्या, आणि एवढंच विचारलं, पहिलं कुठे आहे? मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चहा ठेवला."

खाणीत तोवर पाणी भरलं होतं. नवे खडे मिळेनात. बाईंना सभेत आपलं म्हणणं मागे घ्यावं लागलं. मग वर्षभरात तो देशच राहिला नाही, पगार बंद झाले, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, आणि काका अर्धवट प्रबंध घेऊन मिरजेला आले. तिथे कोट धुवायला काढला तर खिशाच्या फाटक्या अस्तरात एक खडा निघाला. न तापवलेला. तेव्हापासून तो डबीत होता. विमानतळावर क्ष-किरणाच्या यंत्रातून तो जाऊ द्यायचा नाही, त्या किरणांचीही साठ्यात भर पडेल, म्हणून काकांनी एकदा विमान चुकवलं होतं, हेही तेव्हाच कळलं.

"आणि तरीही तुम्ही पहिलं माप फेकताच?" मी विचारलं.

"नियम बरोबर होता. मी तो चुकीच्या ठिकाणी लावला."

"आणि मग चूक सुधारायला सगळ्या ठिकाणी लावला," काकू पातेल्याला कागद गुंडाळत म्हणाल्या.

आमच्या कॉलेजात तसा उजेड मोजायचं यंत्र होतं. हे मी बोलू की नको, असं मला झालं. शेवटी बोलले. काकांनी ऐकलं आणि डबीचं झाकण आणखी घट्ट दाबलं. मी दुसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात काकू म्हणाल्या, "ऐकलंय त्यांनी. घाबरलेत." ते खरं होतं. एवढी वर्षं खडा डबीत होता तोवर काहीही असू शकत होतं. दुसरा उंचवटा उंच आला तर काकांच्या चुकीने कुणाचंच नुकसान झालं नव्हतं. बुटका आला तर एका बरोबर बाईला त्यांनी खोटं पाडलं होतं. आणि मोजायची संधी ही एवढीच. मिरजेत असलं यंत्र कुठून येणार?

मी आमच्या सरांना विचारलं, आणि सरांनी लगेच परवानगी दिली. प्रयोगशाळा सांभाळणारी ओमानी ताई हसतमुख होती. अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्याखाली काकांनी तो खडा खलात घालून कुटला. त्यांचा हात स्थिर होता. रिकाम्या वाटीचं माप त्यांनी तीनदा घ्यायला लावलं, तिने ते हसत घेतलं. मग निघालेली सगळी चिमूटभर जांभळी पूड वाटीत ठेवली. ताई हिंदीत म्हणाली, "यल्ला बाबा, पहले एक ट्रायल ले लेते हैं, बाद में असली."

"नाही!" काका इतक्या जोरात ओरडले की ती उठून उभी राहिली. "ट्रायल नाही. हेच असली. पहिलंच." मग ओशाळून म्हणाले, "माफ करो बेटी. ये एकही बार बोलता है."

पडद्यावर रेघ चालू लागली. बराच वेळ जमिनीला चिकटून चालली. मग पहिला उंचवटा वर चढला, गोल झाला, उतरला. काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. दुसरा उंचवटा सुरू झाला. चढला. आणि पहिल्याच्या अर्ध्यावरसुद्धा न जाता, दमल्यासारखा खाली आला.

ताईने विचारलं, "गुड?"

"गुड," काका म्हणाले. "व्हेरी गुड."

गाडीत बसल्यावर त्यांनी एसी लावला नाही. बाहेर उन्हाने पार्किंग पांढरं पडलं होतं. मी म्हणाले, "काका, एका खड्यावरून काही सिद्ध होत नाही. तुम्हीच शिकवलंत." ते म्हणाले, "हो. होत नाही." आणि मग म्हणाले, "पण मला कळलं ना." मी विचारलं, बाईंना कळवता येईल का? त्यांना घर आठवत होतं, दारासमोरचं तुतीचं झाड आठवत होतं. पण गल्लीचं नाव नव्या देशाने बदललं होतं, संस्थेचंही बदललं होतं, आणि बाई तेव्हाच साठीच्या होत्या. काका बोटांवर काही मोजू लागले आणि मध्येच मोजायचं सोडलं.

घरी काकू दारातच होत्या. "काय आलं?"

"बाई बरोबर होत्या."

ज्या बाईला काकू आयुष्यभर टोमणे मारत आल्या, जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी त्या बांधलेल्या वळकटीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. "बिचारी," त्या म्हणाल्या. "किती वाईट वाटलं असेल हो तिला." थोड्या वेळाने उठून त्यांनी न गुंडाळलेल्या तीन कपांत चहा ओतला.

काका खिडकीशी गेले. पडदे काढलेले होते, समोर बौशरचे उघडे तपकिरी डोंगर दिसत होते. त्या डोंगरांकडे बघत ते रशियन भाषेत काहीतरी बोलले, अगदी छोटं वाक्य, शाळेतला मुलगा बोलतो तसं. मी हळूच विचारलं, काय म्हणालात? "काही नाही," ते म्हणाले. "बाई शेजारच्या खोलीत बसायच्या. मोजून झालं की आम्ही इकडून हाक मारून सांगायचो, की बाई, आकडा आलाय."

"चहा निवतोय," काकू म्हणाल्या.