काम आधी सांगायचं

सटाण्याच्या एसटी स्टँडवर अप्पांनी कॉम्प्युटरचा मॉनिटर गोधडीत गुंडाळून माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला आणि कंडक्टरला म्हणाले, "याचं लगेज फाड." तो कंडक्टर अप्पांच्याच हाताखाली शिकलेला. तो ओशाळला. "अप्पा, राहू द्या ना. नंदाताईचंच सामान शे." पण अप्पांनी उभं आयुष्य एसटीत कंडक्टरी केली होती. त्यांनी सख्ख्या भावालाही कधी फुकट नेलं नव्हतं. त्यांनी लगेजचं तिकीट घेतलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले.

माय स्टँडवर आलीच नाही. नवऱ्याचं घर सोडून आलेली मुलगी आता बापाचंही घर सोडून एकटी नाशिकला निघाली, हे चार बायकांच्या देखत तिला बघवलं नसतं. नवरा हात उचलायचा, म्हणून मी आले होते. त्यावर आमच्या घरात कुणाचं दुमत नव्हतं, पण त्याबद्दल कुणी बोलतही नव्हतं. अप्पा खिडकीचा गज धरून इतकंच म्हणाले, "आखाजीलोंग पाहू. जमनं तर जमनं. नही तर चार लोक बसाडू." म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत माझं पोट मला भरता आलं नाही, तर चार वडीलधारे बसतील, दोन्हीकडची समजूत घालतील आणि मला सासरी पाठवतील. आमच्या बागलाणात आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात. त्यामुळे लेकीचा निकाल लावायला तोच मुहूर्त सोयीचा.

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना वाटतं, निघणाऱ्याला मोकळं वाटत असेल. मला वाटलं नाही. अर्धी वाट सरेपर्यंत मी मॉनिटर धरून नुसती रडत होते.

माझं इंग्रजीत एम. ए. झालं होतं. चुलतभावाचा कॉम्प्युटर क्लास बुडाला, तेव्हा त्यातला एक संच मला मिळाला होता. इंटरनेटवरून भाषांतराची कामं मिळतात आणि ती घरबसल्या करता येतात, असं पेपरात वाचलं होतं. तेवढ्या शिदोरीवर मी सिडकोत सोनवणे काकूंच्या घरातली मागची खोली घेतली. काका सातपूरला पहिल्या पाळीला जायचे. ते निघाले की काकू मागच्या दारात यायच्या. "बरंय बाई तुमचं, कुठे जायला नको नि यायला नको." मी हसायचे आणि आत येऊन दाराला कडी घालायचे. मला काम नव्हतं, आणि ते काकूंना कळू द्यायचं नव्हतं.

म्हणून मी नोकरीचं नाटक सुरू केलं. सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा ड्रेस घालायचा, डबा भरायचा, डबा कॉम्प्युटरशेजारी ठेवायचा आणि खुर्चीत बसायचं. दुपारी तोच डबा उघडून खायचा. घरात गॅस असताना डब्यातली गार पोळी खाणारी बाई वेडीच म्हणायची. पण ज्या दिवशी डबा भरला नाही, त्या दिवशी मी गादीवरून उठलेच नाही, हे मला पहिल्याच महिन्यात समजलं होतं. "घरून काम करायचं तर मन कसं टिकवायचं," असं आता भाची मला पुण्याहून विचारते. मी तिला डब्याचं सांगते. तिला ती गंमत वाटते.

चौकातल्या सायबर कॅफेत भाषांतरकारांचा एक ई-मेल गट मला सापडला. एकाने लिहिलं की ते देशोदेशीच्या सगळ्या सभासदांना जायचं. मी घरी पत्र टाइप केलं, फ्लॉपीवर घेतलं आणि कॅफेत जाऊन पाठवलं. आज ते पत्र आठवलं की कान गरम होतात. आधी सगळ्यांच्या तब्येतीची विचारपूस. मग नाशिकची थंडी आणि यंदाची द्राक्षं. मग माझे वडील, त्यांची नोकरी, आईचं गुडघ्याचं दुखणं. मग सर्व थोरामोठ्यांना नमस्कार. आणि अगदी शेवटच्या ओळीत: इंग्रजीतून मराठी भाषांतराचं काही काम असल्यास कळवावे.

मला ते पत्र अतिशय रीतसर वाटलं होतं. आमच्याकडे कुणाकडे कामाला गेलं तर काम लगेच सांगत नाहीत. तसं करणं हावरटपणाचं. आधी बसायचं, चहा घ्यायचा, म्हशीपासून पोराबाळांपर्यंत सगळ्यांची चौकशी करायची. मग उठायचं, चपला पायात सरकवायच्या आणि उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं, "जाता जाता एक काम होतं." यजमानालाही ते माहीत असतं. म्हणून तोही दारापर्यंत येतो. इंटरनेटवर दारापर्यंत सोडायला कुणी येत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही सगळ्या गटाला. गट चालवणाऱ्या बाई बडोद्याच्या होत्या, आडनाव कुलकर्णी. त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं की हा गट कौटुंबिक हकिगतींसाठी नाही, नवीन सभासदांनी आधी नियम वाचावेत. त्याखाली कुणीतरी हसल्याची खूण टाकली होती, आणखी कुणी द्राक्षांचा भाव विचारला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सबंध जगापुढे कुणीतरी मला दारातून हाकलल्यासारखं झालं. मी पैसे देऊन बाहेर आले आणि पुढे कितीतरी दिवस त्या कॅफेच्या रस्त्यानेसुद्धा गेले नाही.

ते दिवस कसे काढले, ते माझं मलाच ठाऊक. एका वकिलाचे कागद टाइप करून दिले, देवळाली कॅम्पात एका सुभेदाराच्या मुलींना इंग्रजी शिकवलं. तेवढ्यावर खोलीचं भाडं सुटायचं, बाकी काही सुटत नव्हतं. रविवारी माय गल्लीतल्या पीसीओवरून काकूंच्या फोनवर फोन करायची. "तठे काय करस तू दिवसभर?" मी म्हणायचे, काम. ती म्हणायची, "आखाजी ऊनी बरं का." आखाजी आली, हे ती आनंदाने सांगायची की भीती घालायला, ते तिलाही कळत नसावं. फोन ठेवला की मी खोलीत येऊन कडी घालायचे. सासरचं अंगण, तिथली मोरी, नवऱ्याच्या मोटारसायकलचा आवाज, सगळं जसंच्या तसं उभं राहायचं. मरून जावं असंही एक-दोनदा वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमच्यातही कुणाला कुठल्यातरी परक्या खोलीत असं वाटत असेल.

शेवटी गेले कॅफेत. तिथे त्याच कुलकर्णी बाईंचं आणखी एक पत्र येऊन पडलं होतं. हे फक्त मला होतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, कारण तेव्हा एका कॉम्प्युटरवरचं मराठी दुसऱ्यावर गेलं की त्याची नुसती चौकटींची रांग व्हायची. "रागावू नका," त्यांनी लिहिलं होतं. "तुम्ही काम उंबऱ्यात सांगितलंत. माझी सासूही असंच करायची. पण इथे माणूस दर पत्राची पहिली एकच ओळ वाचतो. त्या ओळीत तुमचं काम नसेल, तर ते कुणी वाचणार नाही." पुढे बाईंनी सुनेला सांगावं तसं सगळं सांगितलं होतं. विषयाच्या जागेत 'नमस्कार' लिहू नका, काय हवं ते लिहा. एकाला द्यायचं उत्तर गावभर पाठवू नका. संक्रांतीची, दिवाळीची चित्रं गटावर टाकू नका. आणि सतत काम मागत फिरू नका. कुणी शब्द अडला म्हणून विचारलं तर उत्तर द्या. मागणाऱ्या बाईपेक्षा उत्तर देणारी बाई लोकांच्या लक्षात राहते.

बाईंवरचा माझा राग गेला नाही, पण सल्ला पटला. मी शब्दांची उत्तरं द्यायला लागले. हिशेबाचे, औषधांचे, यंत्रांचे, लोक कसलेही शब्द विचारायचे. लोक आभार मानायचे. आभारांवर पोट भरत नाही. आखाजी तोंडावर आली तरी काम एकही नव्हतं.

आणि एका सकाळी, न कळवता, अप्पा आले. हातात पिशवी, पिशवीत मायने दिलेल्या सांजोऱ्या. मी खुर्ची दिली. ते खोलीभर बघत राहिले. मग सुरू झाले. पाणी कसं येतं? काकू बऱ्या आहेत का? नाशिकला ऊन कमी वाटतं. उन्हाळ कांदा चांगला आलाय. गल्लीतल्या अमक्याची सून बाळंत झाली. मी चहाचं आधण ठेवून ऐकत होते. अप्पांचं काम मला माहीत होतं. ते चहा पितील, उठतील, चपला घालतील आणि उंबऱ्यात म्हणतील, चल.

ते ऐकायला मी उंबऱ्यापर्यंत थांबू शकत नव्हते. मी गॅस बंद केला.

"अप्पा, काम आधी सांगते. तुम्ही मला न्यायला आलात. मी येणार नाही. मला काम मिळालेलं नाही, एकसुद्धा नाही. पण मी तिकडे जाणार नाही. मग काहीही होवो."

बापाशी असं कुणी बोलत नाही आमच्यात. मला वाटलं, उठतील, हात उगारतील. अप्पांनी कधी हात उगारला नव्हता, पण मला तेव्हा सगळ्याच पुरुषांची भीती वाटायची. ते उठले नाहीत. म्हणाले, "चहा ठेव ना मग." मी पुन्हा गॅस पेटवला. त्यांनी बशीत ओतून सगळा चहा संपवला, पुन्हा कांद्याचं काहीतरी बोलले, उठले, चपला घातल्या. आणि आयुष्यभराच्या सवयीने उंबऱ्यात थांबले.

"ह्या आखाजीले तू घर येऊ नको, बेटा."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. सासरकडची माणसं आखाजीला येणार होती. आमचे भाऊबंदही त्यांच्याकडून बोलणार होते. मी घरात असले, तर इतक्या लोकांपुढे अप्पांना नाही म्हणता येणार नव्हतं. मी नसले, तर ते बघून घेणार होते. "तू तठे दिसनीच नही पाहिजे," म्हणाले आणि वळून चालायला लागले. मला दारापर्यंत सोडायला जायचंही सुचलं नाही.

आखाजीचा दिवस मी त्याच खोलीत काढला. घरोघरच्या लेकी माहेरी झोके घेत असतील, आणि मला बापानेच येऊ नको म्हटलेलं. ते माझ्या भल्यासाठी होतं हे कळत होतं, तरी रडू थांबत नव्हतं. काकूंनी आमरस आणून दिला. तोंड बघून त्यांनी काही विचारलं नाही, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

संध्याकाळी मायचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. माणसं आली होती. सकाळपासून बसली होती. जेवली. मग सगळ्यांत मोठे होते त्यांनी विचारलं, पोरगी कुठे आहे? सणाला माहेरी येत नाही, ही कुठली रीत? ती तिथे करते तरी काय? माय म्हणाली, सगळे तुझ्या अप्पांच्या तोंडाकडे बघत होते. तर ते टोपी सारखी करत म्हणाले, "मन्ही पोर कामवर शे. तिले सुट्टी भेटनी नही."

ज्या माणसाला सुट्टी नाही त्याला काय करणार? माणसं उठली आणि गेली, म्हणे.

त्या दिवशी माझ्याकडे एका ओळीचंही काम नव्हतं. अप्पांना ते ठाऊक होतं, मीच त्यांना तोंडावर सांगितलं होतं. पहिलं काम त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं. प्रेशर कुकरबरोबर देतात ती माहितीपत्रिका, आणि तीही कुलकर्णी बाईंच्याच ओळखीने. पुढे कामं येत गेली, मधे पुन्हा आटलीही. आता मी याच शहरात स्वतःच्या घरात राहते. भाचीच्या पिढीची मुलं मला लिहितात, तेव्हा काम पहिल्या ओळीत असतं, आणि बऱ्याचदा पहिल्या ओळीनंतर काहीच नसतं. मी त्यांना उत्तर देते, वर आई कशी आहे ते विचारते.

अप्पा गेल्याला आता बराच काळ झाला. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजून सटाणा म्हणते. तिथे माझं कुणी राहिलेलं नाही. पण त्या घरात एक माणूस जन्मात एकदाच खोटं बोलला, माझ्यासाठी, भरल्या बैठकीत. आणि ते खोटं खरं करायला मी रोज सकाळी जिथे डबा भरून बसले, ते हे नाशिकही माझं घर.